नातवंडां नाय काय तेंका?

मे महिन्यात वेंगुर्ल्याला घरी होतो. संध्याकाळी खळ्यात खुर्च्या टाकून सगळे बसलेले, आतल्या खोलीत पेंढ्यात घातलेल्या आंब्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता. वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता: कुठल्याशा गावात मिशनरी आले, मंडप घातला, प्रार्थना केली. गाव कुठलं, साल कुठलं, कशाचा पत्ता नाही. पण विषय पेटायला तेवढं पुरतं. धर्मांतराविरुद्ध कडक कायदा पाहिजे, इथपासून सुरुवात झाली आणि ‘अमेरिकेत राहतोस, तुला काय कळणार’ इथवर येऊन गाडी माझ्यावर थांबली.

मी म्हटलं, माझ्या शेजारीच एक मिशनरी जोडपं राहतं.

मी युटा राज्यात राहतो. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं मुख्य ठाणं सॉल्ट लेक सिटी इथून अर्ध्या तासावर. त्यांची तरुण मुलं दोन वर्षं आणि मुली अठरा महिने धर्मप्रचाराला जातात, हे पुष्कळांना ठाऊक असतं. निवृत्त नवरा-बायकोही जोडीनं जातात, हे मलाही इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. माझे शेजारी सत्तरीच्या आसपासचे. ते शाळेच्या बस दुरुस्त करायचे, त्या शाळेच्या ग्रंथालयात होत्या. दोघं दीड वर्ष कंबोडियात, नॉम पेन्हला राहून आले.

चुलतकाकीनं विचारलं, “पगार किती गावता?”

काही नाही. उलट भाडं, जेवणखाण सगळं स्वतःच्या खिशातून.

“नातवंडां नाय काय तेंका?”

आतून आईचा आवाज आला, “अकरा आसत. माका म्हायत आसा.”

“मगे?” काकी म्हणाली.

धर्माचा वाद तिथंच विरला, पण ते ‘मगे’ मी विमानात बसेपर्यंत माझ्यासोबत होतं.

आधी धर्माचं बोलून टाकतो, नाहीतर टाळलं असं वाटेल. घटनेचं २५वं कलम धर्माचा प्रसार करायचा हक्क देतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ओडिशाचा कायदा तर १९६७चा. म्हणजे खळ्यातली चर्चा माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. मला स्वतःला प्रचार रुचत नाही. आपल्याकडे सत्य आहे आणि ते समोरच्याकडे नाही, असं मनात धरून कुणाच्या दारात उभं राहणं मला जमणार नाही. हे मी शेजाऱ्यांना तोंडावर सांगितलं. ते हसून म्हणाले, आम्ही श्रद्धेपोटीच गेलो होतो, ते कशाला लपवू? पण तिथं माझा दिवस नळाखाली जायचा.

हे खरं होतं. तरुण मिशनरी शहरभर भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या खोल्यांचे करार, भाडी, गळके नळ, पंखे, मच्छरदाण्या हे सगळं या जोडप्याकडे. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी आहे, ती त्यांनी मला उघडून दाखवली. आत सहा मापांचे वॉशर, टेफ्लॉनची टेप, आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद. त्यावर ख्मेर भाषेतले आकडे आणि चार वाक्यं. ‘पाणी येत नाही’ हे पहिलं. ‘उद्या म्हणजे नक्की कधी?’ हे चौथं. प्लंबर नावाचा प्राणी सगळ्या पृथ्वीवर एकच दिसतो.

बाई कार्यालयात बसायच्या. व्हिसाचे कागद, आजारी पोरांना दवाखान्यात नेणं, आणि घराच्या आठवणीनं रडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बसवून केळ्याचा केक खाऊ घालणं. रविवारी अकरा नातवंडांना आळीपाळीनं फोन. त्या जाण्याआधी धाकटा चालत नव्हता, आल्या तेव्हा तो सायकल मागत होता. हे सांगताना त्या जरा थांबल्या. सगळं गोड गोड नव्हतं.

मिशनरी वेंगुर्ल्याला नवे नाहीत. १८२९ साली मुंबईत आलेले जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश जोडपं मराठी शिकायला कोकणातच, हर्णैला येऊन राहिलं होतं. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ साली त्या तिथंच वारल्या. आमच्या वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचे डॉक्टर गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत आला. माझी पणजी मिशनच्या दवाखान्यात जायची. औषध घेऊन घरी यायची आणि तुळशीला पाणी घालायची. तिच्या लेखी त्यात भानगड काहीच नव्हती.

तर, काकीचं ‘मगे?’

अकरा नातवंडं असताना म्हातारा-म्हातारी परक्या देशात नळ दुरुस्त करायला का जातात, हा तिचा प्रश्न. मला मात्र दुसरंच सुचलं. परदेशात सेवेला जाणारी म्हातारी जोडपी आपल्याकडेही आहेत की! माझे आईबाबाच आले होते.

मुलगा झाला तेव्हा दोघं आले. सहा महिने राहण्याची परवानगी मिळते, पुरे सहा महिने राहिले. आईच्या बॅगेत उकडा तांदूळ, तिरफळं, सोलां, अळीव आणि डिंक. पहाटे पाचला ती उठायची. बाळाचं अंग चोळणं, बायकोचं पथ्यपाणी, आमचे डबे. बाहेर गुडघाभर बर्फ. बोलायला मराठी माणूस म्हणजे आम्ही दोघं, आणि आम्ही दिवसभर मीटिंगमध्ये. शेजारीण बाळाला बघायला आली तेव्हा आईनं चहा ठेवला. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही, बाईंनी नको म्हटलं, आईचा चेहरा उतरला. मग कोकम सरबत झालं. बाईंनी दुसरा ग्लास मागितला आणि आई त्या दिवशी सहा महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसली.

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. वेंगुर्ल्यात त्यांना बाजारातून घरी पोचायला तास लागतो, इतके लोक थांबवतात. इथं त्यांना गाडी चालवता येत नाही, आणि गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला सगळ्या घरांच्या टपालपेट्यांचा एकच खांब आहे. बाबा रोज साडेअकराला टोपी, मफलर, माझं जाड जाकीट चढवून किल्ली खिशात घालून तिथं जायचे. टपालवालीची गाडी येईपर्यंत उभे राहायचे. ती पत्रं कशी लावते ते बघायचे. परत येऊन जाहिरातींचे कागद टेबलावर आकारानुसार लावायचे. त्या पेटीत त्यांच्या नावाचं सहा महिन्यांत एकही पत्र आलं नाही.

शेजाऱ्यांनी जायचं की नाही ते स्वतः ठरवलं, अर्ज स्वतः भरला. जाण्याआधी त्यांना प्रशिक्षण मिळालं, गेल्यावर सोबत त्यांच्यासारखी चार जोडपी होती, परत आल्यावर चर्चमध्ये उभं राहून अनुभव सांगायला बोलावलं. आईबाबांना आम्ही तिकीट पाठवलं. परत गेल्यावर त्यांना लोकांनी विचारलं ते एवढंच: अमेरिका कशी हा? नायगारा बघितलात?

गावात आम्हा परदेशस्थांवर ठरलेला आरोप असतो, आईबापांना एकटं टाकलं म्हणून. आम्ही म्हणतो, छे, आम्ही तर त्यांना बोलावतो. दोन्ही बाजू भांडतात ती म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार यावर. सहा महिने कोण कुणाला सांभाळत होतं, हे माझ्या घरातल्या डब्यांना विचारा. आणि प्रेमानं करतात हो, हे मलाही कळतं. पण प्रेमानं करतात म्हणून विचारायचंच नाही, ही सवय आपली आहे. मिशनऱ्यांच्या हेतूवर तासभर बोलणाऱ्या त्या खळ्यात आईला तिचा बेत काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शेजाऱ्यांनी पुन्हा अर्ज भरलाय. या वेळी कुठं पाठवतील ते अजून कळलेलं नाही. बाई कोकमाची बाटली सोबत न्यायची म्हणतात.

ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे दुसरं बाळ येणार आहे. गेल्या रविवारी आईला फोन लावला. म्हटलं, “आई, खरं सांग, तुम्हा दोघांना यायचंय का? नसेल तर आम्ही बघू काहीतरी.”

पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.

“इचारतंस कित्याक?” आई म्हणाली. “तिकीट काढलंस मां?”