दातांत पेन धरून दुःख जात नाही

काका गेल्यावर पंधरा दिवसांत मावशीच्या फोनवर एकच मेसेज तीन जणांकडून आला. रोज दोन मिनिटं दातांत पेन धरा, चेहरा हसरा होतो, मेंदूला खरं-खोटं हसू कळत नाही, तो आनंदी होतो. १९८८ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, डिप्रेशन औषधाशिवाय गायब! "करून बघू का गं?" मावशीने विचारलं. पाठवणाऱ्यांच्या मनात माया होती, हे मला ठाऊक आहे. पण मी मानसशास्त्र शिकवते आणि यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला खटकतं.

"१९८८ मध्ये सिद्ध झालं." प्रयोग झाला, हे खरं. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्राक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ९२ विद्यार्थ्यांना व्यंगचित्रं दाखवली आणि ती किती मजेदार वाटतात याला ० ते ९ गुण द्यायला सांगितलं. ओठ न टेकवता पेन दातांत धरलं की तोंडाचे कोपरे आपोआप मागे ओढले जातात; नुसत्या ओठांत धरलं की तोंडाचा चंबू होतो. आरशासमोर करून बघा, लगेच दिसेल. दातांत पेन धरणाऱ्यांची सरासरी ५.१४ आली, ओठांत धरणाऱ्यांची ४.३२. तुमचं दुःख हलकं झालं का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून जवळपास १,९०० लोकांवर तोच प्रयोग पुन्हा केला. आधीचा ०.८२ चा फरक ०.०३ वर आला. म्हणजे उरलाच नाही.

"पेन धरा, मूड बदलेल." इथे मेसेज लिहिणाऱ्याने प्रयोगाचा जीवच काढून घेतलाय. प्रयोगासाठी माणसाचा मूड बदलायचा तर एक जुनी अडचण असते: समोरच्याला आपला हेतू कळतो. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ वेल्टन यांनी मूड बदलायची एक पद्धत काढली. ६० वाक्यं, एकेक करून आधी मनात आणि मग मोठ्याने वाचायची. सुरुवात साध्या वाक्यांनी, पुढे उत्साह चढत जातो. उदास करायचं असेल तर दुसरा संच. दहा-पंधरा वाक्यांत कुणालाही उमगतं की यांना आपल्याकडून काय हवंय. मग "आता कसं वाटतंय?" या प्रश्नाचं उत्तर मनातून आलं की भिडेखातर, हे कसं ठरवायचं? म्हणून तर स्ट्राक यांच्या विद्यार्थ्यांना वेगळंच सांगितलं होतं: हात वापरता न येणारी माणसं फॉर्म कसा भरतील, याचा अभ्यास चाललाय. हसण्याचा विषयही निघू दिला नव्हता. मेसेज मात्र तो आधीच फोडतो.

"मेंदूला खरं-खोटं कळत नाही." २०१६ च्या प्रयोगात सहभागींवर कॅमेरा रोखलेला होता, स्ट्राक यांचा एक आक्षेप त्यावर होता. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ते तपासलं. कॅमेरा नसताना फरक दिसला, असताना दिसला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण कुणीतरी बघतंय एवढ्यानेही निकाल बदलू शकत असेल, तर मेंदू इतका भोळा कसा?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर मोठा अभ्यास झाला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्यावर किंवा ओठांचे कोपरे मुद्दाम ओढल्यावर लोकांना थोडं बरं वाटलं. थोडंच. आणि पेनबद्दल तिथेही ठाम काही हाती लागलं नाही.

"डिप्रेशन गायब." याचा मला राग येतो. या प्रयोगांतला मूड काही मिनिटांचा असतो, तेवढाच हवा असतो. डिप्रेशनचं निदान करताना डॉक्टर किमान दोन आठवडे टिकलेली लक्षणं बघतात. आणि मावशीला तर आजार नाहीच, तिचा ४१ वर्षांचा जोडीदार गेलाय. तिने हसरा चेहरा कशासाठी करायचा?

तिला मी पेन ठेवून द्यायला सांगितलं. आपल्या माणसांना काही पाठवायचंच असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर पाठवा: १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.