वडापाव आळसातून येत नाही

गेल्या आठवड्यात ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा येऊन पडला. त्याआधी माहेरच्या ग्रुपवर आला होता, ऑफिसच्याही. मजकूर थोडक्यात असा: "गरिबी-बिरिबी काही नाही, आळस आहे. वडापावच्या पैशांत घरी पिठलं-भाकरी होते. आपले आजोबा भाकरी-कांदा खाऊन नव्वदी गाठायचे. आता कष्ट नकोत, भाकरी आवडत नाही, म्हणून पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा. लोकांना पोषण कळतच नाही." खाली अंगठ्यांची रांग. एकाने जोडलं, "नवी मुंबईत तर भाजी मार्केट दाराशी आहे!"

मी ऐरोलीजवळच्या दिघ्याच्या वस्तीत वाढले. तो पुडा माझ्या हातात माझ्या आईनेच दिलेला आहे. म्हणून उत्तर देते.

"घरचं स्वस्त पडतं." नुसत्या जिनसांची बेरीज केली तर पडतंही. पण भाकरीचं पीठ आणायचं कुठून? २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे सरकारी यादीतल्या गरीब घराला, माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३पासून मोफत. पण हातात पडतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. ज्वारी, नाचणी, डाळ, तेल दुकानातून रोखीने. शिवाय महाराष्ट्रात शहरी भागासाठी लाभार्थी ठरवले ते वर्षाला ५९,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा धरून. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. रबाळे-महापेच्या कंपनीत हेल्परचं काम करणारा माणूस कागदावर त्याच्या वर जातो, हे धान्य त्याला मिळत नाही आणि केशरी कार्ड नुसतं कपाटात राहतं.

आता दाराशी असलेलं मार्केट. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पालेभाजीचा भाव शेकड्यावर बोलला जातो, म्हणजे शंभर जुड्यांवर. पहाटेचा बाजार, टेम्पोवाल्यांचा. आमच्या वस्तीत ती जुडी दोन हात फिरून, भाडं लागून, संध्याकाळी मान टाकलेल्या अवस्थेत पोचायची. मेथीची एक जुडी निवडून, धुऊन कढईत टाकली की पाच माणसांत वाटीभर उरते. शंभर ग्रॅम पालकातून पंचवीसेक कॅलरी मिळतात, तेवढ्याच ग्लुकोज बिस्किटांतून साडेचारशेच्या आसपास. हातात दहा रुपये असतील आणि पोर भुकेने रडत असेल, तर आई आधी पोट भरणारी वस्तू घेणार. जीवनसत्त्वांचा नंबर नंतर लागतो. बटाटा, पाव आणि उकळतं तेल यांनी पोटाला चार तास आधार मिळतो, हे नाक्यावरच्या प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे.

मेसेजमध्ये वेळ तर फुकटच धरलाय. आई एका कंपनीत पॅकिंगला होती. ओव्हरटाइमला नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवायचे. रात्री साडेआठला ती घरी यायची आणि चप्पल न काढताच हंडा घेऊन नळावर जायची, कारण पाणी नऊला जायचं. मग स्टोव्ह. तिची भाकरी मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते: आधणाचं पाणी, परातीत पीठ मळताना मनगटापर्यंत चढलेली पांढरी पूड, थापताना होणारा तो ठप-ठप आवाज. पाच माणसांच्या दहा भाकऱ्या म्हणजे तास-सव्वा तास. ज्या दिवशी तो तास नसायचा, त्या दिवशी वडापाव यायचा. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. "घरी करा" हा सल्ला कुणाच्या अंगावर पडतो, ते या दोन आकड्यांत दिसतं. आळशी म्हटलं जातं तेही तिलाच.

"आजोबा नव्वदी गाठायचे." गाठले त्यांची आठवण राहिली. १९५१च्या सुमारास देशात जन्मणाऱ्या बाळाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं, कारण कितीतरी मुलं पाचवं वर्षच बघत नव्हती. आमचं मूळ गाव बीडकडचं. १९७२च्या दुष्काळात आजीने अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे तिकडच्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामावर खडी फोडून. कांद्यासोबत भाकरी खायची, कारण दुसरं काही नव्हतं. त्याला आहारशास्त्र म्हणू नका.

मेसेजात आवडीनिवडीबद्दलही टोमणा आहेच. मी पाचवीत असताना डबा झाकणाआड धरून खायचे. पोळीवाल्या मुलींमध्ये ज्वारीची भाकरी म्हणजे 'गावठी'. आईने मग पोळ्या सुरू केल्या, गहू रेशनचा होताच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच ज्वारी मॉलमध्ये चकचकीत पाकिटात आली. आम्हाला लाज वाटायची तेव्हा ती परवडत होती. मान मिळाला तोवर वस्तीतल्या बाईच्या हाताबाहेर गेली. आवड अशी बाहेरून घडते, आणि मोडतेही.

"पोषण कळत नाही" हे मला सगळ्यात जास्त लागतं. जूनच्या पहिल्या पावसात ठाण्याला जांभळी नाक्यावर आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, शेजारी काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, वाटा, कारण त्याशिवाय घशाची खाज जात नाही. टाकळा, कुरडू, भारंगी यांतलं कुठलं कसं उकडायचं, कशाचं पाणी टाकायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. एकीला मी विचारलं, "मावशी, घरी कशी करता शेवळं?" ती म्हणाली, "घरी कशाला नेऊ? ही विकली तर तेल-मीठ येईल. आम्ही भात खातो."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. एवढ्या घरांना एकाच वेळी आळस कसा चढेल, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी मला सांगावं.

आई आता अडुसष्टची आहे. कंपनी कधीच सुटली, नळ घरात आला, गॅसही आहे, ज्वारीचे पैसे मी देते. रोज संध्याकाळी सातला ती परात घेऊन बसते. काल तिला म्हटलं, राहू दे, आज बाहेरून मागवू. तिने आधण ठेवलं होतं आधीच.