पाठ्यपुस्तकातली आई कशी काढावी

समजा, पहिली-दुसरीच्या पुस्तकाची चित्रं काढायचं काम तुमच्याकडे आलं. सोबत चिठ्ठी: 'माझे कुटुंब, अर्धं पान, रंगीत.' सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्ची एकच काढायची, ती बाबांची. पेपर असा धरवा की बाबांचा चेहरा आपल्याला दिसेल, पण बाबांना स्वयंपाकघर दिसणार नाही. आई उभी, किंचित वाकलेली, हातात चहाचा ट्रे. घरोघरी ट्रे पाहुण्यांपुरताच निघतो, खरंय. पण पाठ्यपुस्तकात बाबा पाहुणेच असतात.

मुलगा चेंडूमागे हवेत, दोन्ही पाय सुटलेले. मुलीचे पाय जमिनीवर आणि तोंड मुलाकडे. टाळ्या वाजवायला कुणीतरी लागतंच.

विज्ञानाच्या पानावर मुलगी हवीच, असा आग्रह धरतील. घ्या की. परीक्षानळी मुलाच्या हातात द्या, मुलीच्या हातात वही. तपासणारे डोकी मोजतात: मुलगे चार, मुली चार, झालं समसमान. कुणाच्या हातात काय आहे ते मोजत नाहीत. नुसते हातच काढायचे असले तर पीठ मळणाऱ्या हातात बांगड्या घाला आणि बल्बला तार जोडणाऱ्या हाताला शर्टाची बाही. कंडक्टर पुरुषच काढा. एसटीत तिकिटाचं मशीन घेऊन बाई उभी दिसली तरी आपण खिडकीबाहेर बघायचं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाईमाणसाबरोबर पुरुषही भाजी निवडायला बसला आणि चर्चा झाली. तुमच्यावर तशी वेळ आलीच तर बाबांना एप्रन चढवा. एप्रन बघितला की पोरांना कळतं, हा माणूस रोजचा नाही. खाली ओळ टाका: 'बाबा आईला मदत करतात.' 'मदत' हा शब्द हातचा सोडू नका. तो असला की भाजी बाबांनी निवडली तरी काम आईचंच राहतं.

आता सोलापूर. इथं चित्रकाराला फार कष्ट नाहीत. पूर्व भागात घरोघरी आई खरंच घरी असते, मांडी घालून, पुढ्यात सूप. पोज आयती! घोळ सुपात आहे. त्यात तंबाखू, भिजवून मापात कापलेली तेंदूची पानं, कात्री, दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. त्यातही कारखान्यात तपासणीला खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी गेली ती गेलीच. पण लहान मुलांच्या पुस्तकात तंबाखू कशी चालेल? नाहीच चालणार. तेव्हा आधी तंबाखू पुसा, मग पानं, मग कात्री, शेवटी दोरा. सूप राहू द्या, त्यात तांदूळ ओता. चार फटकाऱ्यांत कामगार बाई गेली, गृहिणी आली. खाली लिहा, 'आई तांदूळ निवडते. बाबा कामाला जातात.'

बाबा यंत्रमागावर असले तर माग काढा, वर चादरीची नक्षी येऊ द्या. शेजारी मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई पानात मावत नाही. पुरुष थोडा रुंद काढला की ती आपसूक झाकली जाते.

घर काढताना सोलापूरजवळच्या कुंभारीकडे बघू नका. तिथं कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं महिला विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत २००६ पासून उभी आहे. तुम्ही आपलं उतरतं छप्पर, एक खिडकी, मागं दोन डोंगर (सोलापुरात डोंगर नाहीत, तरी काढा, सगळेच काढतात) आणि दारावर बाबांच्या नावाची पाटी.

पानाखाली स्वाध्याय येतो: 'चित्रातील आई काय करते?' पूर्व भागातली एखादी पोरगी सूप बघून 'विड्या वळते' असं लिहून ठेवेल. उत्तरसूचीत 'तांदूळ निवडते' आहे. लाल पेनानं काट मारा, शून्य द्या आणि शेरा लिहा: 'चित्र नीट पाहावे.'