प्रयोगशाळेतली चिलटं साथ पसरवतात? मजकुरातला एकेक दावा तपासू

‘प्रयोगशाळांत रोगाचे विषाणू भरून चिलटं आणि गोचिडी पाळतात, त्या सुटतात आणि जनावरांत साथ येते; शिवाय त्यांना पोसायला प्राण्यांचा छळ होतो,’ असा मजकूर फिरतो आहे. गोठ्यात जनावर असलेल्याला हे वाचून धास्ती वाटणारच. म्हणूनच तो तपासायला हवा.

‘विषाणू भरून पाळतात’ हे साफ चूक. वसाहत, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले कीटक, निरोगीच ठेवावी लागते. कीटकात आधीपासून विषाणू असेल तर प्रयोगात काय सिद्ध झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाण्याच्या ट्रेमध्ये अळ्या वाढतात, त्यांचे कोष होतात, कोषातून चिलटं निघतात. हे चिलट जेमतेम १ ते ३ मिलिमीटरचं. मच्छरदाणीच्या जाळीतूनही निसटतं, म्हणून पिंजऱ्याची जाळी त्याहून बारीक असते. माद्यांना कोमट रक्त पातळ पडद्याआडून पाजतात. विषाणू द्यायचा तो मोजून वेगळ्या काढलेल्या चिलटांना, तोही बंदिस्त खोलीत. ती पुन्हा वसाहतीत जात नाहीत, मारली जातात.

‘साथ तिथूनच आली’ म्हणणाऱ्यांनी ब्लूटंगचं, म्हणजे चिलटांमुळे मेंढ्या-गुरांत पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाचं, उदाहरण पाहावं. २००६ मध्ये हा रोग उत्तर युरोपात पहिल्यांदा आला. तो पसरवला तिथल्या रानातल्या, गोठ्यांतल्या चिलटांनी, मुख्यतः ऑब्सोलेटस गटातल्या. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या जाती वेगळ्याच: सोनोरेन्सिस आणि न्यूबेक्युलोसस. ऑब्सोलेटसची अशी वसाहत टिकवणं फार अवघड आहे, आणि संशोधकांची ती जुनी अडचण आहे.

‘मग बाहेरचीच पकडून वापरा की!’ पण पकडलेल्या चिलटाचं वय काय, आधी कुणाचं रक्त प्यायलंय, ते कळत नाही. कोणत्या तापमानात विषाणू किती दिवसांत लाळग्रंथींपर्यंत पोचतो, हे वय ठाऊक असलेल्या कीटकांवरच नीट मोजता येतं. जनावरांना धोका कोणत्या महिन्यांत, हे त्यावरून ठरतं.

प्राण्यांच्या छळाचा आक्षेप मात्र पुरता खोटा नाही. कठीण कवचाच्या गोचिडी कित्येक दिवस चिकटून रक्त पितात. पडद्यावर त्यांना वाढवणं कष्टाचं असल्याने अजूनही बऱ्याच ठिकाणी जिवंत जनावर वापरतात. तिथे टीका व्हावी. मऊ गोचिडींबाबत सावधगिरीही रास्त आहे: आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाचा विषाणू त्यांच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जाऊ शकतो, आणि त्या रक्तावाचून वर्षानुवर्षं जगतात. अशा खोल्यांवर देखरेख कुणाची, हे जरूर विचारा.