वडी चुंबक तरंगवते, पण प्रवाह किती नेते?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: वायबीसीओ या अतिवाहक (गार केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या) ऑक्साइडची भट्टीत भाजलेली वडी द्रव नायट्रोजनमध्ये गार केली की चुंबक तरंगतो, मग त्याच पदार्थाची वाफ करून पातळ थर वाढवायला एक्सायमर (अतिनील) लेझर आणि निर्वात कक्ष कशाला? शिवाय लेझरनं नखाएवढाच तुकडा तयार होतो, म्हणजे सगळी शोधनिबंध छापायची सोय. यंत्रणा महाग आहे, हे खरंच. बाकीचं मला अजिबात पटत नाही.

चुंबक तरंगतो तेव्हा वडीतला प्रत्येक कण, म्हणजे बारीक स्फटिक, आपापल्यापुरता प्रवाह फिरवून चुंबकक्षेत्राला अडवतो. शेजारच्या कणाशी त्याचा नीट संपर्क नसला तरी भागतं. तारेत मात्र प्रवाहाला कणांच्या सीमा ओलांडत या टोकाकडून त्या टोकाला जावं लागतं, आणि हे ऑक्साइड नेमके तिथेच मार खातात. आयबीएममध्ये 1988 साली डिमॉस, चौधरी, मानहार्ट यांच्या गटानं दोन स्फटिकांमधला कोन बदलत मोजमाप केलं. कोन वाढला की क्रांतिक प्रवाह, म्हणजे रोधाशिवाय नेता येणारा सर्वाधिक प्रवाह, कोसळत होता. म्हणूनच द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, 77 केल्विनला, साध्या वडीतून दर चौरस सेंटिमीटरला काहीशे अँपिअर जातात, चांगल्या थरातून दहा लाखांहून जास्त. पदार्थ तोच, तापमान तेच!

तेव्हा पातळपणा हा मुद्दाच नाही, मुद्दा रांगेचा आहे. थर ज्या स्फटिकावर वाढवतात (सब्स्ट्रेट), त्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या अणूंच्या जाळीचं माप 3.905 अँगस्ट्रॉम, वायबीसीओचं 3.82 आणि 3.89, म्हणजे जवळपास जुळणारं. सब्स्ट्रेट साडेसातशे-आठशे अंश सेल्सिअसला असला की येणारे अणू खालच्या रांगा धरून बसतात. गार असेल तर त्यांना जागा शोधायला वावच मिळत नाही.

थराला ऑक्सिजन पुरवावा लागतो हे मी वाढवून सांगितलं, असंही तुम्ही म्हणता. त्या तापमानाला थरात ऑक्सिजन कमीच असतो. गार करताना कक्षात ऑक्सिजन भरून साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपास थांबलं नाही, तर सुरेख रांगेत वाढलेला थरही अतिवाहक होत नाही.

राहिला नखाएवढा तुकडा. आज धातूच्या पट्टीवर आधी दिशा जुळवलेला मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर देतात आणि त्यावर अशाच ऑक्साइडची लांबच लांब टेप बनते. काही कारखान्यांत तो थर लेझरनंच चढवतात. 2021 साली एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन (अणुसंमीलनावर काम करणारी कंपनी) यांनी 20 टेस्लाचा चुंबक चालवला, तो अशाच टेपचा.

तुमच्याकडे वडी आहेच, तर नायट्रोजनमध्ये बुडवून चार तारांच्या जोडणीनं (दोन तारा प्रवाहाला, दोन व्होल्टेज मोजायला) प्रवाह हळूहळू वाढवत न्या. व्होल्टेज किती अँपिअरला दिसू लागतं, ते वडीच्या मापासकट इथे लिहा.