रिकाम्या हॉलचा एसी

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरात भूत आलं. फार त्रास नव्हता त्याचा. रात्री दीड-दोनला उठायचं, हॉलमधला एसी लावायचा आणि निघून जायचं. सकाळी सहाला मी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर यावं, तर सोफा, टीपॉय आणि मनीप्लांट असे तिघं सव्वीस अंशांत सुखाने पहुडलेले. मी लेकाला झापायचे. लेक बाबाकडे बोट दाखवायचा. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "तूच विसरली असशील." आमच्या घरात जे कोणीच केलेलं नसतं, ते मी विसरलेलं असतं.

आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे राहतो. घर पश्चिमेचं. घेताना बिल्डरच्या माणसाने बाल्कनीतून समोरचा येऊरचा डोंगर दाखवला होता. त्या डोंगरामागे जाण्याआधी सूर्य दुपारी तीन ते सहा आमच्या हॉलमध्ये मुक्कामाला असतो, हे सांगायचं राहून गेलं असावं. त्यात सोसायटीचा नियम असा, की खिडक्यांबाहेर काही लटकवायचं नाही. आउटडोअर युनिट ठेवायला प्रत्येक फ्लॅटला डक्टच्या बाजूला एकच कट्टा. म्हणून मग मल्टी-स्प्लिट. बाहेर एक पेटी, आत तीन. दीड टनाची हॉलला, एकेक टनाची आईंच्या आणि आमच्या खोलीला.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा नुसता एसी नाही, हीट पंप आहे. थंडीत गरम हवापण देतो." ठाण्यात थंडी म्हणजे जानेवारीतल्या तीन सकाळी. चौथ्या दिवशी स्वेटर माळ्यावर. पण नवऱ्याने मान डोलावली. न लागणाऱ्या सोयींचं त्याला फार.

टन म्हणजे पेटीचं वजन नव्हे, हेही मला तिथेच कळलं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हा गडी खोलीतून उचलून बाहेर टाकतो. बर्फाच्या लाद्यांवर थंडावा मिळायचा त्या काळातलं हे माप. म्हणजे दिवसाला साडेतीन टन बर्फाची सोय आम्ही करून ठेवली होती. तो नेमका कोणाच्या अंगावर पडतोय, एवढाच प्रश्न पुढे वर्षभर राहिला.

लक्षणं अशी. संध्याकाळी सातला हॉलमध्ये भट्टी आणि आईंच्या खोलीत काश्मीर. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८१, दोन्ही गुडघे बदललेले, कान तिखट. त्यांना गारठा वाजला की त्या आपल्या रिमोटवर अठ्ठावीस करायच्या. दहा मिनिटांत हॉल आणखी तापायचा. आम्ही हॉलचा वीसवर आणायचो. आतून हाक यायची, "अगं, माझी शाल कुठे ठेवलीस?" आई तीसवर जायच्या, आम्ही अठरावर. त्यांच्याकडे शाल, मोजे, कानटोपी. आमच्याकडे नवरा बनियनवर, पेपराच्या पुरवणीने वारा घेत बसलेला. मध्ये भिंत फक्त एक. रात्री बरोबर उलटं. वीज वाचावी म्हणून हॉलचा एसी बंद करून आम्ही झोपायला गेलो, की आईंना उकडायचं. "माझा नुसता पंखा झालाय गं," म्हणायच्या. संध्याकाळी गारठा आणि रात्री उकाडा! नवऱ्याने निदान केलं, "वयाने होतं असं."

आमच्या खोलीत मात्र चोवीस लावलं की चोवीस. जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू केले की आपोआप चोवीसवर सुरू व्हावेत असा सरकारी नियम आहे. आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलेला सरकारचा तो एकमेव शब्द आमच्या बेडरूममध्ये तेवढा पाळला जात होता.

पहिला मेकॅनिक जूनमध्ये आला. ज्योतिषी पत्रिका उघडायच्या आधी "शनी" म्हणतो, तसा तो चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "गॅस कमी आहे." आता मला कळतं, एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणार. ती शोधायची, बुजवायची आणि मग काट्यावर वजन करून भरायचा. याने गळती शोधली नाही, काटा आणला नाही. गॅस भरला, मोजले ते पैसे.

दुसरा दसऱ्याच्या आधी आला आणि फिल्टर काढून त्याने माझ्यासमोर धरले. त्यावर धुळीची अशी गोधडी होती, की मी आपली विषय बदलून चहा टाकायला गेले. त्याने एसीला खालून प्लास्टिकची झोळी बांधून पंपाने आंघोळ घातली. झोळीतून काळं पाणी बादलीत उतरताना बघायला लेकाचे दोन मित्र आले होते. आणि चमत्कार म्हणजे त्यानंतर आईंची रात्रीची तक्रार थांबली. आम्ही पैपाहुण्यांना सांगत सुटलो, फिल्टर धुवा, फिल्टर धुवा.

भूतही त्याच आठवड्यात आलं. पण फिल्टर आणि भूत यांचा संबंध कोण लावतो?

हॉल मात्र तापायचा तो तापायचाच. मग मी स्वतःच कंबर कसली. तीन थर्मामीटर मागवले, लेकाच्या जुन्या दोनशे पानी वहीत रकाने आखले. वेळ, हॉल, आई, आम्ही, शेरा. त्यात मला एक शोध लागला. एसीचा तापमान बघायचा सेन्सर आतल्या पेटीत असतो, पण आमच्या रिमोटमध्येही एक आहे आणि एक विशिष्ट बटण दाबलं की यंत्र रिमोटच्या जागचं तापमान खरं धरतं. ते बटण कोणीतरी कधीतरी दाबलेलं होतं. आणि हॉलचा रिमोट आम्ही ठेवायचो सेट-टॉप बॉक्सवर. सेट-टॉप बॉक्स इतका गरम, की त्यावर पापड भाजला जावा. बिचारा एसी समजत होता, हे लोक धगीत बसलेत! मी रिमोट टीपॉयवर आणला आणि वहीत नोंद केली. ती आजही आहे: "हॉल: फरक नाही. आईंची खोली: चांगली सुधारणा." शेऱ्याच्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह, आणि पुढच्या पानावर वाणसामानाची यादी. उत्तर समोर लिहिलेलं असूनही मी खाली तूरडाळ दोन किलो लिहिलं.

जानेवारीत नवऱ्याने हीट पंपाचे पैसे वसूल करायचे ठरवलं. लेक रात्री झोपतो आमच्याच खोलीत, कपाटाआडच्या कोपऱ्यात, पण पहाटे अभ्यासाला हॉलमध्ये येतो, आणि तिथला एसी दिवाळीपासून कूलवर होता. नवऱ्याने आमच्या खोलीत हीट दाबलं. हिरवा दिवा नुसता लुकलुकत राहिला. बाहेरची पेटी एकच, तिच्यात एक झडप फिरली की सगळी रहाटीच उलटी होते, आतली उष्णता बाहेर टाकायच्या ऐवजी बाहेरची आत येते. पण ती एका वेळी एकाच बाजूला फिरणार. ज्याने आधी दाबलं त्याचं राज्य, दुसऱ्याने लुकलुकत बसायचं. नवऱ्याने लेकाला अभ्यासातून उठवून कूल बंद करायला लावलं. गरम हवा येईपर्यंत ऊन आलं.

   

शेवटी मार्चमध्ये, पारा चढल्यावर, तो मुलगा आला. कळव्याचा, चोवीस-पंचवीसचा. "पातलीपाड्याला अडकलोय काकू" असे तीन फोन करून चौथ्याला दारात. काकू मला आवडलं नाही, पण त्याने चप्पल काढली, पाणी प्यायला, आणि निदान न करता म्हणाला, "तिन्ही बंद करा. आता फक्त हॉलचा लावा."

लावला. मग तो नुसताच उभा राहिला. दहा मिनिटं. वर्षभरात माझ्या घरात येऊन कोणी इतकं शांत उभं राहिलं नव्हतं. हॉलच्या एसीतून पंख्याची कोमट हवा. तो ड्राय बाल्कनीत गेला, खिडकीतून वाकून आउटडोअरच्या तांब्याच्या नळ्या एकेक करून चिमटीत धरल्या, जशी आई तापलेल्या पोराचं मनगट धरते. मग सरळ आईंच्या खोलीत. तिथला एसी बंद. त्याने स्टुलावर चढून त्याचं झाकण उचललं आणि मोबाईलचा टॉर्च मारला.

"काकू, हा बंद आहे ना?"

आत जाळीवर पांढरं दहिवर पडलेलं. मी बोट लावलं, बोट गारठलं.

मग त्याने समजावलं. आतल्या प्रत्येक पेटीला तांब्याच्या दोन नळ्या आणि एक वायर. नळ्यांतून गॅस जातो, वायरीतून निरोप. प्रत्येक खोलीची झडप असते बाहेरच्या पेटीत. हॉलला थंडावा हवा झाला की वायरीतून निरोप जातो, माझी झडप उघड. बसवणाऱ्याने हॉलच्या नळ्या एका जागी जोडल्या होत्या आणि हॉलची वायर दुसऱ्या. त्या दुसऱ्या जागी आईंच्या नळ्या. "म्हणजे हॉल ओरडतो आणि गॅस आजींकडे जातो. आजी ओरडल्या की हॉलला."

म्हणजे ऑर्डर मी द्यायची आणि ताट शेजारच्या टेबलावर! आई गारठून तीसवर गेल्या की हॉलचा गॅस बंद, आम्ही तापून अठरावर आलो की आईंकडे बर्फाचा पूर. आणि रात्री आम्ही हॉल बंद केला की आईंच्या एसीत खरोखरच नुसता पंखा. आमच्या खोलीची जोडणी तेवढी सरळ होती, म्हणून तर नवरा सगळ्यांना वय, हवामान आणि स्वभाव यांवर ऐकवत होता.

मुलाने मेन स्विच पाडला, नळ्यांना हात न लावता दोन वायरींची अदलाबदल केली. वीस मिनिटं. मी वही कपाटात ढकलली.

आई इतका वेळ पलंगावर बसून वाती वळत होत्या. म्हणाल्या, "एवढंच ना? मला नवरात्रापासून ठाऊक आहे."

"काय?"

"हेच. माझा एसी हॉलच्या रिमोटवर चालतो ते. एकदा रात्री उकडलं म्हणून हॉलमध्ये येऊन बसले, तिथला लावला. परत गेले तर माझी खोली गार. मग आठ दिवस करून पाहिलं. एक दिवस लावायचा, एक दिवस नाही."

"आई, मग सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं? सगळे आपले मला बजावत होतात, तुमच्या रिमोटला हात लावू नका. नाही लावला. हॉलच्याला लावत होते."

कळव्याच्या मुलाने त्यांना वाकून नमस्कार केला. मला केला नाही.

त्या रात्री दीडला हॉलमधून 'टीं' असा आवाज आला. मी उठून बाहेर गेले. अंधारात आई उभ्या, एका हातात काठी, दुसऱ्यात हॉलचा रिमोट.

"आई, काय झालं?"

"अगं, सव्वीस केलं, पंचवीस केलं. माझ्या खोलीत काही फरक नाही. चांगला चालत होता, बिघडवून गेला मेला."