87 टक्क्यांवरचे व्याही

“सगळ्यांची भाषणं सरळ पुढं जातात आणि तुमचं मशीन माझ्याच भाषणावर का थांबतं हो?”

आमच्या थोरल्या भावाच्या व्याह्यांनी काल हा प्रश्न मला माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून विचारला. मी स्टुलावर होतो. भाऊ निवृत्त झाला, हॉलवर सत्कार झाला, आणि घरात कॉम्प्युटरचं कळतं असा समज माझ्याबद्दल असल्यामुळं त्याचा व्हिडिओ जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एवढी पार्श्वभूमी पुरे.

व्याह्यांना सगळे मालक म्हणतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत. माणूस दिलदार, पण माइक हातात आला की सोडत नाही. भावाच्या निवृत्तीवर बोलायला उठले आणि सुरुवात केली ती सोलापूरच्या 1930 च्या मार्शल लॉपासून. मग चार हुतात्मे, मग गिरण्यांचे भोंगे, मग चादर, मग टॉवेल. भावाचं नाव आलं तोवर मागच्या रांगा जेवायला गेल्या होत्या. हे सगळं जावयाच्या मित्रानं हॉलच्या मिणमिणत्या उजेडात मोबाईलवर टिपलं, आणि तिथंच माझे भोग सुरू झाले.

कारण मोबाईल शूटिंग करताना फ्रेमचा, म्हणजे व्हिडिओतल्या सुट्या चित्रांचा, वेग एकसारखा ठेवीलच असं नाही. उजेड कमी झाला की सेकंदाला 30 फ्रेमवरून खाली येतो, वाटलं तर परत वर चढतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र एकाच ठेक्यावर हिशेब मांडतं. क्लिप चिमुकली असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. मालकांच्या भाषणाएवढी असेल तर हुतात्म्यांपर्यंत सगळं ठीक असतं आणि टॉवेलपाशी आल्यावर ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं. त्यात नवे मोबाईल एचईव्हीसी पद्धतीनं फाइल दाबून भरतात. जागा वाचते, पण ती उलगडताना माझ्या 8 जीबी रॅमच्या जुन्या मशीनला धाप लागते. बाहेर सोलापूरचा मे महिना. प्रोसेसर तापला की आपणहून हळू होतो, हा त्याचा शहाणपणा. आपल्याला ती सोय नाही.

मालक आले होते ते ‘माझं भाषण कसं आलंय ते बघायला’. चहा झाला. रेंडर लावलं.

“हे काय चाललंय?”

“रेंडर, मालक. सगळे तुकडे जोडून एक फाइल होतेय.”

“म्हणजे अजून जोडलंच नव्हतं? मग मगाशी मला दाखवलं ते काय होतं?”

याला उत्तर आहे, पण ते चहाच्या एका कपात मावणारं नाही. 87 टक्क्यांवर आकडा थांबला. मालक पुढं वाकून बघायला लागले.

“थांबलं की हो. आमच्या मागावर आडवा धागा तुटला की माग असाच आपणहून थांबतो. मग कामगार काय करतो? धागा सांधतो. तुम्ही काय करताय? बघत बसलाय.”

परत लावलं. परत 87.

“87 ला कोण आहे?”

“तुम्हीच आहात, मालक.”

“म्हणजे मला शेवटी टाकलंय?” आवाज बदलला. “बँकेचा तो माजी मॅनेजर माझ्या आधी? त्याचा संबंध काय? मी मुलाकडचा माणूस आहे, भाऊ.”

हॉलवर ज्या क्रमानं बोलले त्याच क्रमानं लावलंय, हे सांगून काही उपयोग झाला नाही. उलट, तो क्रम कुणी ठरवला होता याची चौकशी निघाली. मी जमेल तेवढ्या शांतपणे समजावायला गेलो, की रेंडर दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी अडलं असतं तर डिस्क भरलीय का, कॅशे म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा ढीग साठलाय का, मशीन तापलंय का, हे बघितलं असतं. एकाच ठिकाणी अडतंय म्हणजे खोट त्या क्लिपमध्येच आहे.

“खोट? माझ्या भाषणात?”

आतून बायको ओरडली, “पाणी आलं!” आणि घरातली माणसं धावली. सोलापुरात या दोन शब्दांपुढं व्याही, जावई, कुणाचा मान राहत नाही. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून नळाला रोज पाणी नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते कधी येईल याचा नेम नाही. अर्धं आयुष्य पिंप भरण्यात गेलं आणि उरलेलं पाण्याचा वार लक्षात ठेवण्यात. इथं माणसं शहर सोडून पुण्याला का जातात यावर परिसंवाद होतात. एकदा नळापाशी उभं राहून बघा म्हणावं. असो. मोटर लागली, व्होल्टेज दचकलं, कॉम्प्युटर बंद पडला. ऑटोसेव्ह चालू होतं म्हणून वाचलो. मालकांनी मात्र मान हलवली. “मोटरीनं बंद पडतंय? मग मशीनच कच्चं आहे.”

शेवटी इलाज होता तोच केला. हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात मालकांची क्लिप टाकली, फ्रेमचा वेग कायम राहील असं निवडलं आणि एच.264 या जुन्या, मशीनला सोप्या पद्धतीत नवी प्रत काढली. ती निघेपर्यंत मालक कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन, माझ्या खुर्चीत एक डुलकी काढून उठले. जुन्या क्लिपच्या जागी नवी बसवली, आवाज ओठांवर आला, आकडा 87 ओलांडून 100 ला पोचला. मी उभा राहिलो. टाळी अपेक्षित नव्हती, पण निदान ‘झालं का’ तरी.

मालकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. फाइल जाईना. पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही.

“केवढी आहे फाइल?”

“पाचच्या आसपास.”

“यावर 32 जीबी लिहिलंय. 32 मध्ये 5 बसत नाही?”

मोठ्या फाइली घेणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट करतो, आतलं सगळं पुसलं जाईल म्हटलं, तर आत सत्यनारायणाचे फोटो आहेत म्हणून पेनड्राइव्ह परत खिशात गेला.

“राहू द्या. आमच्या सुपरवायझरचा पोरगा मोबाईलवर पाच मिनिटांत करतो हे सगळं.”

मी हसलो. पुतणी त्या घरात नांदते, दुसरं काय करणार! पण मान दुखत होती, डोळे चुरचुरत होते आणि त्या पोरग्याचा पत्ता विचारावा असं मनापासून वाटत होतं. रात्री व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथं तो आणखी दाबला जाऊन सगळ्यांचे चेहरे धुरकट झाले, त्यावर आलेले शेरे मी वाचले नाहीत. सकाळी भावाचा फोन आला.

“मालकांना व्हिडिओ आवडला. पण ते म्हणतायत, हॉलवर यापेक्षा जास्त बोललो होतो. तू काय काय कापलंयस?”